जंताची गोळी आणि संडासाचं कुलूप

मी सिंहगड रोडला राहते, शिकवते वेल्ह्याकडच्या एका शाळेत. (तालुक्याचं नाव आता राजगड, पण तोंडात वेल्हेच येतं.) जंताच्या गोळीच्या दिवशी एखादी आजी हमखास दारात येते. "बाई, गोळी कशाला? पोराचा गूळ बंद करा."

आजी, गुळाचा काही संबंध नाही हो! जंताची अंडी शौचातून मातीत पडतात, दोनतीन आठवड्यांत तयार होतात आणि न धुतलेल्या हातांनी, भाजीने पोटात जातात. मोठ्या गोल जंताची एक मादी दिवसाला दोनेक लाख अंडी घालते. अंकुशकृमी तर तोंडाची वाटही बघत नाही, त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त पिते. आमची पोरं जुलैभर लावणीला खाचरात असतात, अनवाणीच. गुडघाभर चिखलात चप्पल घालून दाखवा कुणी.

२०१५ पासून १ ते १९ वर्षांच्या मुलांना ही गोळी मोफत मिळते. तारीख १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्ट, प्रत्यक्षात पुढेमागे होते. अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, दोन वर्षांखालच्यांना अर्धी. आजारी मुलाला त्या दिवशी देत नाहीत, नंतर मॉप-अपला, म्हणजे राहिलेल्या मुलांसाठीच्या दिवशी देतात. गोळी चावून खायची, तीही आमच्यासमोर. "घरी जाऊन खा" म्हटलं की ती दप्तराच्या तळाशी खडूच्या तुकड्यांत सापडते, हे मी पाहिलंय. म्हणून मी पोराला तोंड उघडायला लावते. हसतात मला, हसू देत.

पण गोळी पोटातले जंत मारते, उद्या येणारे अडवत नाही. आणि आमच्या संडासाला कुलूप आहे, कारण मोटार जळलीय आणि टाकीत पाणी नाही. पोरं शाळेमागच्या ओढ्याकडे जातात. सहा महिन्यांनी पुन्हा तीच गोळी, तीच पोरं. आमच्याकडून आकडा मागतात तो गोळ्यांचा. पाण्याचं कुणी विचारत नाही.

पुण्याहून मदत येते, नाही असं नाही. दप्तरं येतात, वह्या येतात, फोटो निघतात. एकदा धीर करून म्हटलं, "यंदा दप्तरं नकोत, मोटार द्या." पाहुणे म्हणाले, "मॅडम, मोटारीवर नाव कुठे टाकणार?"

साबणाला आम्ही शिक्षक वर्गणी काढतो. मोटार वर्गणीत बसत नाही.