सत्त्व-रज-तम म्हणजे अणूतले कण नव्हेत

व्हॉट्सॲपवर एक मजकूर सारखा फिरतो: सांख्य या प्राचीन दर्शनातली मूळ प्रकृती, म्हणजे जग ज्यातून निघालं ते मूळ कारण, हेच विज्ञानातलं जडद्रव्य, सत्त्व, रज, तम म्हणजे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन, न्यूट्रॉन, सांख्यांचे आद्य आचार्य कपिलमुनींनी अणुविज्ञान आधीच सांगितलं होतं, आणि सगळं हिंदू तत्त्वज्ञान हेच सांगतं. पुढे पाठवणाऱ्यांचा अभिमान कळतो, पण यात नुकसान सांख्यांचंच होतं.

आधी गुण. प्रकृतीतून आलेल्या प्रत्येक वस्तूत तिन्ही गुण असतात, असं सांख्य मानतात. एक वरचढ होतो, बाकीचे दबतात, पण एकमेकांना सोडून ते कधीच राहत नाहीत. आता हायड्रोजन घ्या. त्याच्या नेहमीच्या अणूत न्यूट्रॉन नसतोच. म्हणजे पाण्याच्या रेणूतल्या तीन अणूंपैकी दोन एका गुणाविना ठरतील. इलेक्ट्रॉन तर अणूतून बाहेर काढता येतो; रजोगुण असा वेगळा काढता येत नाही. शिवाय सांख्यांचा मुख्य ग्रंथ म्हणजे ईश्वरकृष्णाची सांख्यकारिका; तिच्यातली बारावी कारिका (श्लोक) गुणांचं स्वरूप सांगते ते प्रीती, अप्रीती आणि विषाद असं, म्हणजे सुख, दुःख, मोह. तिचे टीकाकार वाचस्पती मिश्र यांचा दाखला प्रसिद्ध आहे: एकच रूपवती स्त्री नवऱ्याला सुख देते, सवतींना दुःख, आणि ती न लाभलेल्या पुरुषाला मोहात पाडते. असं काही कणांबद्दल म्हणता येत नाही.

प्रकृती जडद्रव्य आहे का? अचेतन आहे, हे खरं. पण तिच्यातून पहिली निघते ती बुद्धी, मग अहंकार, म्हणजे ‘मी’ची जाणीव; त्यातून मन, दहा इंद्रियं आणि पाच तन्मात्रं, म्हणजे शब्द, स्पर्श अशी सूक्ष्म तत्त्वं. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश यांचा नंबर सगळ्यात शेवटी. आपला निश्चय, राग, मीपणा, सगळं प्रकृतीच्याच बाजूला. पुरुष, म्हणजे सांख्यांचं चेतन तत्त्व, फक्त साक्षी. मला या दर्शनातलं सर्वांत धाडसी म्हणणं हेच वाटतं, आणि त्या मजकुरात नेमकं तेच पुसलं जातं.

परमाणू तर कणादांच्या वैशेषिक या वेगळ्याच दर्शनातले. तेल तिळात आधीपासून असतं, म्हणून तिळातूनच निघतं, वाळूतून नाही, म्हणजे कार्य कारणात आधीच असतं, हा सांख्यांचा सत्कार्यवाद. वैशेषिकांना तो मान्यच नव्हता.

आणि सगळ्यांचं मत एक? शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात सांख्यांचं प्रधान, म्हणजे हीच प्रकृती, जगाचं स्वतंत्र कारण म्हणून ठामपणे नाकारलं आहे. गीतेच्या सातव्या अध्यायात आठ प्रकारांची प्रकृती भगवंताच्या मालकीची आहे, आणि जीवरूप परा प्रकृती तिच्याहून निराळी. ज्ञानेश्वरीतून मराठी घरांत पोचली ती ही गीतेतली प्रकृती, कारिकेतली निरीश्वर नव्हे.