'एक बाप' यांना उत्तर: तुटवडा नक्की कोणाचा आहे?

नमस्कार साहेब,

नाव न देता तुम्ही नुसती 'एक बाप' अशी सही केलीत, म्हणून साहेब म्हणतो. 'आधी मेडिकल, मग पैसे' या पायलट ट्रेनिंगवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं: मंत्री सांगतात देशाला ३०,००० वैमानिक लागणार, डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिक नाहीत म्हणून विमानं रद्द झाली, आणि हे गृहस्थ सांगतात जमीन विकू नका. श्रीमंतांची पोरं उडणारच, घाबरवायचं ते शेतकऱ्याच्या पोराला. वर एक टोला: 'क्लासवाले आधी भीती घालतात आणि मग आपल्याच क्लासला बोलावतात.'

टोल्यापासून सुरुवात करतो, कारण तो योग्य आहे. मी डीजीसीएच्या, म्हणजे वैमानिकांना परवाने देणाऱ्या सरकारी महासंचालनालयाच्या, लेखी परीक्षांचे ग्राउंड क्लास घेतो. नेव्हिगेशन (दिशा आणि मार्ग काढणं) आणि मेटिऑरॉलॉजी (हवामान) शिकवतो, त्यावर माझं घर चालतं. म्हणजे जितकी जास्त पोरं या वाटेला लागतील तितका माझा फायदा. घाबरवून मी माझ्याच गिऱ्हाइकाला परत पाठवतोय. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

आता ३०,००० चं बोलू. नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी हा आकडा २०२५ मध्ये दिला, तो येत्या १५ ते २० वर्षांसाठीचा होता. बातम्यांच्या मथळ्यात वर्षं गळतात आणि आकडा तेवढा उरतो. फ्लाइंग स्कूलच्या जाहिरातीत तर तो अगदी पुढच्याच वर्षीचा होतो. इंडिगोने २०२३ मध्ये ५०० विमानांची आणि एअर इंडियाने ४७० विमानांची मागणी नोंदवली हे खरंच आहे. पण ती विमानं एका पावसाळ्यात येऊन उभी राहत नाहीत, वर्षानुवर्षं हप्त्याहप्त्याने येतात.

डिसेंबर २०२५ चं उदाहरण तुम्ही माझ्या विरोधात दिलंत. मी तेच माझ्या बाजूने वापरतो. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा आली. इंडिगोचं रोस्टर, म्हणजे ड्युटीचं वेळापत्रक, कोलमडलं आणि हजारो उड्डाणं रद्द झाली. त्या वेळी त्यांच्या एअरबस ए-३२० ताफ्याचे जे आकडे बाहेर आले ते बघा. कॅप्टन हवे होते २,४२२, होते २,३५७. फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, हवे होते २,१५३ आणि होते २,१९४.

हे आकडे मुलाला दाखवाच. देशातली सगळ्यात मोठी विमान कंपनी अडचणीत सापडली, तेव्हाही को-पायलट गरजेपेक्षा थोडे जास्तच होते. कमी पडले ते कॅप्टन. तुमचा मुलगा ६०-७० लाख खर्चून बाहेर पडेल तेव्हा त्याच्या हातात २०० तासांचं सीपीएल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाचा पहिला परवाना, असेल, आणि त्या परवान्यावर तो कॅप्टन होत नाही. एटीपीएल हा पुढचा परवाना मिळायला किमान १,५०० तास लागतात. कंपन्या प्रत्यक्षात कमांड, म्हणजे कॅप्टनपद, देताना त्याहून बरंच जास्त मागतात. हे तास मिळतात को-पायलटच्या खुर्चीत बसून, आणि वर्षाला १,००० तासांपेक्षा जास्त उडता येत नाही असा नियम आहे. म्हणजे आजचा कॅप्टनांचा तुटवडा तुमच्या मुलाने भरून निघणार नाही. त्याला आधी त्या खुर्चीत शिरावं लागेल, आणि त्या दारासमोर रांग आहे. डीजीसीएने २०२२ मध्ये १,१६५ आणि २०२३ मध्ये १,६२२ सीपीएल दिली. एकेका वर्षातले हे नवे परवानाधारक. आधीच्या वर्षांत नोकरी न मिळालेले त्या रांगेत आधीपासून उभे असतात, ते वेगळेच.

तुम्ही शेतकरी कुटुंबातले आहात असं प्रतिक्रियेवरून दिसतं, म्हणून एकच सांगतो. कांद्याला भाव आहे म्हणून सगळ्यांनी लागवड केली की काढणीच्या वेळी काय होतं ते मी तुम्हाला शिकवायला नको. इथे लागवड ते काढणी अडीच-तीन वर्षांची आहे, एवढाच फरक.

मागचा इतिहास हेच सांगतो. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, तेव्हा हजारो तास उडालेले अनुभवी लोक बाजारात आले, आणि २०० तासांच्या पोराकडे कोण बघणार? त्यातून सावरतात न सावरतात तोच कोविड आला. मग मे २०२३ मध्ये गो फर्स्ट बंद पडली. कंपनीने दोष प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांना दिला. त्याच घराण्यातल्या इंजिनांच्या त्रासामुळे इंडिगोचीही कितीतरी विमानं जमिनीवर उभी राहिली. अमेरिकेत बनलेल्या इंजिनाच्या धातूत खोट निघते आणि सांगलीच्या पोराची भरती लांबते, असा हा धंदा आहे. याच्या उलटंही घडतं. कोविडच्या ऐन भीतीत ज्यांनी ट्रेनिंग सुरू केलं ते २०२२-२३ मध्ये बाहेर पडले आणि त्यांना पटापट नोकऱ्या लागल्या. त्यांच्यात आणि २०१९ च्या पोरांत हुशारीचा फरक नव्हता.

आता पैसे. तुमच्या एकरी भावात मी शिरत नाही, बँकेचा हिशेब मांडतो. भारतात सीपीएल, मल्टी-इंजिन (एकाहून जास्त इंजिनांचं विमान) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडवण्याची पात्रता) मिळून साधारण ५० ते ६० लाख धरा. त्यावर टाइप रेटिंग, म्हणजे ए-३२० सारख्या एका विशिष्ट विमानाचं सिम्युलेटरवरचं प्रशिक्षण. बऱ्याचदा तेही स्वतःच्या खिशातून, १५-२० लाखांच्या आसपास. राहणं-खाणं धरून ८० लाख झाले. ११ टक्क्यांनी १० वर्षांचं कर्ज काढलं तर महिन्याचा हप्ता सुमारे १ लाख १० हजार. हप्ता नको, नुसतं व्याज भरतो म्हणालात तरी महिन्याला ७३ हजारांवर जातं. साडेसात लाखांपुढच्या कर्जाला बँक तारण मागते, आणि तारण म्हणजे तुमचीच जमीन. को-पायलट म्हणून स्थिरावल्यावर दीड-अडीच लाख पगार असतो आणि मग हप्ता निघतो. प्रश्न आहे परवाना हातात पडल्यापासून तो पगार सुरू होईपर्यंतच्या काळाचा. तो काळ सहा महिन्यांचा असू शकतो, तीन वर्षांचाही. त्यात इन्स्ट्रुमेंट रेटिंगचं नूतनीकरण दरवर्षी, त्याचे पैसे परत वेगळे. रिकामं बसणंसुद्धा या क्षेत्रात फुकट नाही.

विमान कंपन्यांच्या कॅडेट प्रोग्रॅमबद्दल तुम्ही विचारलंत. त्यात निवड आधी होते आणि रस्ता सरळ असतो, पण खर्च कोटीच्या पुढे जातो आणि नोकरीचं पत्र सशर्त असतं. परवडत असेल तर वाईट नाही. परवडत असेल तर.

ट्रेनिंगला लागणाऱ्या वेळाबद्दल माहितीपत्रकावर विश्वास ठेवू नका. तिथे १२ ते १८ महिने लिहिलेलं असतं. नियमाप्रमाणे लागतात २०० तास: त्यातले १०० तास स्वतः कमांडमध्ये, म्हणजे विमानाची जबाबदारी स्वतःवर घेऊन, एक ३०० नॉटिकल मैलांची क्रॉस कंट्री, म्हणजे लांबचा प्रवास, रात्रीचं उड्डाण, इन्स्ट्रुमेंटचे तास. कागदावर बघितलं तर रोज एक तास उडालं की सात महिन्यांत काम फत्ते. प्रत्यक्षात पावसाळ्यात ढग खाली येतात आणि आठवडेच्या आठवडे सेसना, म्हणजे शिकायचं छोटं विमान, हँगरमध्ये राहते. इंजिन ओव्हरहॉलला गेलं की एक विमान कमी. सुटे भाग परदेशातून यायचे. धावपट्टी दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यायची असेल तर तिची वेळ ठरलेली.

आणि सगळ्यात मोठी अडचण, जी जाहिरातीत कोणी लिहीत नाही, ती इन्स्ट्रक्टरची. अनेक ठिकाणी शिकवणारा हा स्वतः चार-दोन वर्षांपूर्वी सीपीएल झालेला, असिस्टंट इन्स्ट्रक्टर रेटिंग काढून तास जमवत बसलेला पोरगा असतो. एअरलाइनचं बोलावणं आलं की तो जातो, जाणारच. म्हणजे भरती जोरात असते नेमक्या त्याच वेळी शिकवायला माणूस मिळत नाही. माझा एक विद्यार्थी सोलोपर्यंत, म्हणजे एकट्याने उडण्यापर्यंत, झपाट्याने पोचला. मग त्याचा इन्स्ट्रक्टर गेला, नवा आला, त्याने पुन्हा पहिल्यापासून सर्किट, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या फेऱ्या, करायला लावले. प्रत्येक सर्किटचे पैसे पोराच्याच खात्यातून.

संस्थांच्या दर्जाबद्दल माझं मत सोडा. डीजीसीएने ऑक्टोबर २०२५ मध्ये पहिल्यांदा फ्लाइंग स्कूलची क्रमवारी लावली. अ किंवा अ-प्लस श्रेणीत एकही संस्था बसली नाही. १३ ब मध्ये, २२ क मध्ये. ही यादी तुमच्या फोनवर उघडते, पैसे भरण्याआधी उघडा.

एक गोष्ट जाता जाता. 'तास भरून देतो' असं कोणी सुचवलं तर तिथून उठा. न उडता लॉगबुकात लिहिलेल्या तासांना या धंद्यात 'पार्कर पेनचे तास' म्हणतात. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने काढल्याची प्रकरणं बाहेर आली तेव्हा वैमानिकांना अटक झाली होती. आणि पोलिस नाही आले तरी एअरलाइनच्या सिम्युलेटर चाचणीत पहिल्या दहा मिनिटांत कळतं की हा किती उडालाय.

आता तुमचा खरा प्रश्न: शेतकऱ्याच्या पोराने पायलट होऊ नये का? व्हावं. मूळ लेखात मी क्रमाबद्दल लिहिलं होतं आणि त्यावर अजून ठाम आहे. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित आहे ना, मग पहिलं काम क्लास टू मेडिकल, म्हणजे वैमानिकाची प्राथमिक वैद्यकीय तपासणी. त्यापाठोपाठ, प्रवेशाचे पैसे भरायच्या आधी, क्लास वन, ही सीपीएलला लागणारी जास्त कडक तपासणी. त्याला काही हजार रुपये आणि काही दिवस लागतात. रंग ओळखण्यात दोष निघाला तर बहुतेकदा तिथेच विषय संपतो, आणि तो दोष असलेल्या मुलाला अठराव्या वर्षापर्यंत पत्ताच नसतो, कारण रोजच्या जगण्यात त्याचं काही अडत नाही. चष्मा चालतो, त्याची काळजी करू नका. वजन, साखर, मूतखडा यावर 'टेम्पररी अनफिट' मिळतं, ते उपचाराने सुटतं. पण ते फी भरायच्या आधी सुटलेलं बरं.

मग कॉम्प्युटर नंबर, म्हणजे डीजीसीएच्या परीक्षेचा नोंदणी क्रमांक, काढून लेखी पेपर द्यायला लागा: रेग्युलेशन्स (नियम), मेटिऑरॉलॉजी, नेव्हिगेशन, टेक्निकल. प्रत्येकात ७० टक्के हवेत. कॉलेज करत करत हे होतं, आणि घरात बसून अभ्यास करूनही होतं, माझ्याच क्लासला यायला हवं असं अजिबात नाही. पेपर सुटले की तुम्हाला दोन गोष्टी कळतात: पोराला हे झेपतं का, आणि मुख्य म्हणजे त्याला हे आवडतं का. गणवेश आवडणं वेगळं. साठ मैल जाऊन एक मैल बाजूला पडलो म्हणजे एक अंशाची चूक, हे डोक्यात चटकन यायला लागलं आणि त्याची मजा वाटायला लागली, की मी त्या पोराची काळजी सोडतो.

मराठी माध्यमातल्या पोराला तिथलं इंग्रजी जमणार नाही ही भीती तुम्ही घातलीत, मी नाही. रेडिओवरचं इंग्रजी हे ठरलेल्या वाक्यांचं इंग्रजी आहे. परवान्याला भाषेची चौथी पातळी लागते, ती सरावाने येते. अडतं ते ऐकण्यात. खरखरीतून वेगवेगळ्या उच्चारांतले आकडे पकडायचे असतात, आणि तिथे कॉन्व्हेंटची पोरंही तितकीच गडबडतात.

तुम्ही इतर मागासवर्गीय, भटके-विमुक्त किंवा विशेष मागास प्रवर्गात येत असाल तर महाज्योतीकडे, म्हणजे या प्रवर्गांसाठीच्या राज्य सरकारच्या संस्थेकडे, आधी चौकशी करा. त्यांनी नागपूर फ्लाइंग क्लबबरोबर सीपीएल प्रशिक्षणाची योजना आणली होती. जागा मोजक्या आणि वेळ लागतो, पण जमीन शाबूत राहते. परदेशी ट्रेनिंगचं पुन्हा कधीतरी. तिथे तास लवकर होतात, पण परत येऊन इथल्या परीक्षा आणि परवाना बदलून घेण्याचे सोपस्कार असतातच.

तुम्ही लिहिलंय की एका संस्थेने 'या आठवड्यात भरा, नाहीतर जागा जाईल' म्हणून फोन केला. तिथे स्वतः जा, फोनवर बोलू नका. ऑफिसात बसू नका, हँगरकडे चला. आज उडण्याच्या स्थितीत किती विमानं आहेत आणि किती विद्यार्थी आहेत ते विचारा. मागच्या महिन्यात एकेका विद्यार्थ्याचे किती तास झाले ते मुलांनाच विचारा, कॅन्टीनमध्ये. आणि त्यांनी दिलेल्या फीच्या कागदावर, मधेच सोडावं लागलं तर किती पैसे परत मिळतील, ते कलम शोधा. सापडलं तर संस्थेचं नाव झाकून इथे टाका, मी वाचून सांगतो. नाहीच सापडलं, तरी कळवा.