प्रोसेसर बेसचा तळ खातो, हा आरोप तपासून पाहू

बेस गिटार वाजवणाऱ्यांमध्ये एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा की, छोटा डिजिटल मल्टीइफेक्ट (आवाजाचे अनेक परिणाम एकाच डब्यात देणारे यंत्र), म्हणजे आपल्याकडे ज्याला सगळे नुसते प्रोसेसर म्हणतात तो, पेडलबोर्डची, म्हणजे एकेक परिणाम देणारी पायाने चालवायची पेडल मांडलेल्या फळीची, जागा घेऊ शकत नाही. कारण तो बेसचा तळ, म्हणजे खर्जाचा भरीवपणा, खातो, आवाज उशिरा देतो, ॲनालॉगचा गोडवा घालवतो आणि ऐन कार्यक्रमात बंद पडला तर सगळेच बंद पडते. यांपैकी शेवटच्या आरोपात तथ्य आहे आणि दुसऱ्यात व तिसऱ्यात एकेका ठिकाणापुरते आहे. पहिला आरोप मात्र, जो सर्वांत ठासून केला जातो, बहुतेक वेळा चुकीच्या जोडणीचे खापर यंत्रावर फोडणारा असतो.

चार तारांच्या बेसची सर्वांत जाड ई तार सुमारे ४१ हर्ट्झवर आणि पाच तारांच्या बेसची बी तार सुमारे ३१ हर्ट्झवर कंप पावते. सेकंदाला ४८,००० नमुने घेणारे यंत्र त्या ई तारेच्या एकेका आवर्तनाचे अकराशेहून अधिक नमुने टिपते, त्यामुळे खर्जातले स्वर पकडणे हे डिजिटल यंत्राचे सर्वांत सोपे काम आहे. अवघड भाग वरच्या टोकाला असतो; डिस्टॉर्शनमुळे (आवाज मुद्दाम खरखरीत करण्यामुळे) निर्माण होणारे फार उंच स्वर यंत्राच्या मर्यादेबाहेर गेले की ते उलटे फिरून खालच्या पट्ट्यात बेसूर उमटतात, आणि स्वस्त प्रोसेसरच्या डिस्टॉर्शनमधल्या कर्कश खरखरीचे ते एक कारण असते. पण ती तक्रार वेगळी, तळाची नव्हे.

मग तळ जातो कुठे? पुष्कळदा तो गिटारसाठी बनलेल्या ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे सौम्य डिस्टॉर्शनच्या पेडलमध्ये, जातो. आयबानेझच्या ट्यूब स्क्रीमरमध्ये सुमारे ७२० हर्ट्झच्या खालचा भाग क्लिपिंगच्या (लहरींची टोके कापून खरखर आणण्याच्या) टप्प्यात मुद्दाम कमी वाढवला जातो, कारण गिटारचा आवाज बँडमध्ये सुटसुटीत राहावा हा त्या सर्किटचा हेतू आहे. हे पेडल खरे असो वा प्रोसेसरमधले त्याचे हुबेहूब मॉडेल असो, बेसचे पोट दोन्हीकडे सारखेच खपाटीला जाते. बॉसच्या ओडीबी-३सारख्या खास बेसच्या पेडलवर मूळ स्वच्छ आवाज मिसळण्याची कळ दिलेली असते ती याचसाठी. प्रोसेसरमध्येही स्वच्छ आवाज मिसळता येतो, पण तो मिसळायला हवा हे आधी कळावे लागते.

दुसरी जागा अधिक फसवी आहे. काही जण प्रोसेसर ॲम्पच्या अशा लूपमध्ये (बाहेरचे यंत्र जोडण्याच्या वाटेत) लावतात जिथे मूळ आवाज आणि प्रक्रिया झालेला आवाज समांतर वाहून शेवटी एकत्र होतात. प्रोसेसरला आवाज आत घेऊन बाहेर द्यायला समजा दोन मिलिसेकंद लागले, तर हे दोन प्रवाह समान पातळीवर मिसळताना २५० हर्ट्झला एकमेकांच्या बरोबर विरुद्ध पडतात आणि एकमेकांना खोडतात. तसेच ७५० आणि १२५० हर्ट्झलाही. ४१ हर्ट्झचा मूळ स्वर जवळजवळ शाबूत राहतो, परंतु बेसचा भरीवपणा ज्या पट्ट्यात ऐकू येतो तिथेच खड्डा पडतो आणि ऐकणारा म्हणतो, डिजिटलने तळ खाल्ला. हेच मिश्रण प्रोसेसरच्या आत केले तर दोन्ही वाटांना सारखाच उशीर होतो आणि खड्डा पडत नाही. इतकेच नव्हे, लाइन ६च्या एचएक्स स्टॉम्पसारख्या यंत्रात क्रॉसओव्हर (आवाज खालच्या-वरच्या पट्ट्यांत विभागणारी सोय) लावून, उदाहरणार्थ २०० हर्ट्झच्या खालचा भाग जसाच्या तसा ठेवून फक्त वरच्या भागाला डिस्टॉर्शन देता येते. हेच पेडलांनी करायचे तर आवाज पट्ट्यांत विभागणारे आणि पुन्हा जोडणारे वेगळे उपकरण विकत घ्यावे लागते.

तिसरी जागा घरात आहे. रात्री हेडफोनवर हळू आवाजात प्रीसेट, म्हणजे साठवून ठेवायची मांडणी, बनवला जातो. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो (फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते), म्हणून हात आपोआप खर्जाची कळ वाढवतो. मंचावर तोच प्रीसेट मोठ्या आवाजात घुमतो, साउंडवाला वैतागून खालचा पट्टा छाटतो, आणि पुन्हा नाव खराब होते ते प्रोसेसरचे. त्यात कॅबिनेटची (स्पीकरच्या पेटीची) नक्कल चालू ठेवूनच प्रोसेसर खऱ्या ॲम्पला आणि खऱ्या कॅबिनेटला जोडला असेल, तर आवाज दोनदा गाळला जाऊन मातकट होणारच.

आता उशिराचा आरोप. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे ॲम्पपासून तीन मीटर दूर उभ्या असलेल्या वादकाला स्वतःचा स्वर जवळपास नऊ मिलिसेकंदांनी ऐकू येतो आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही. प्रोसेसरचे दोन-तीन मिलिसेकंद म्हणजे ॲम्पपासून एक पाऊल मागे सरकणे. ऑक्टेव्ह (स्वराला सप्तक खालचा जोडस्वर देणारा) आणि सिंथ (सिंथेसायझरसारखा आवाज देणारा) या परिणामांची गोष्ट मात्र खरोखर वेगळी आहे. स्वर ओळखून त्यावर काम करणाऱ्या यंत्राला साधारण एक आवर्तन तरी पुरे होऊ द्यावे लागते आणि जाड ई तारेचे एक आवर्तन २४ मिलिसेकंदांचे असते. तरीही १९८२ सालचे, पूर्णपणे ॲनालॉग असलेले बॉसचे ओसी-२ पेडलसुद्धा खालच्या स्वरांवर अडखळतेच. हा अडथळा जाड तारेचा आहे, त्यामुळे पेडलबोर्ड ठेवल्यानेही तो सुटत नाही. ज्याला ओसी-२चे ते अडखळणेच आवडते त्याने ते पेडल जरूर ठेवावे. त्या आवडीशी वाद नाही.

ॲनालॉगच्या गोडव्याबद्दल बोलणाऱ्यांनी आपला बोर्ड एकदा उलगडून पाहावा. त्यावरचा ट्यूनर बहुधा डिजिटल असतो, रिव्हर्ब जवळजवळ नक्कीच डिजिटल असतो, आणि ॲनालॉगसारखा वाटणाऱ्या कित्येक स्वस्त डिलेंमध्ये (प्रतिध्वनी देणाऱ्या पेडलांमध्ये) पीटी२३९९ ही डिजिटल चिप बसवलेली असते. फझबाबत, म्हणजे अति जाड खरखर देणाऱ्या पेडलबाबत, मात्र आक्षेप रास्त आहे. फझ फेससारखे पेडल थेट पिकअपला (तारांचे कंप टिपणाऱ्या बेसवरच्या चुंबकाला) जोडलेले असते, बेसवरची व्हॉल्यूमची कळ थोडी खाली आणली की त्याचा स्वभाव बदलतो, आणि हे नाते प्रत्येक प्रोसेसरला जमत नाही. अशा एका पेडलासाठी प्रोसेसरच्या आधी जागा ठेवणे शहाणपणाचे.

कळींऐवजी मेनू चाळत बसावे लागते, हेही खरे आहे आणि त्यावर तोडगा नाही.

उरला बंद पडण्याचा मुद्दा. आठ पेडलांच्या बोर्डात किमान सोळा जॅक आणि सात पॅच केबल एकामागोमाग जोडलेल्या असतात आणि त्यांतली एक जरी सैल झाली तरी आवाज जातो, त्यामुळे बोर्ड अधिक भरवशाचा हे गृहीतच चुकीचे आहे. फरक इतकाच की पेडल बिघडले तर ते वगळून वाजवता येते आणि पुढे कोणताही बरा कारागीर त्याचा स्विच बदलून देतो. प्रोसेसरचा पडदा किंवा आतला सर्किट बोर्ड गेला तर बाहेर दुरुस्ती मिळणे कठीण.

आश्चर्य म्हणजे, या मजकुरात ज्या उणिवेचा उल्लेखच नसतो ती मंचावर सर्वांत आधी बोचते. एचएक्स स्टॉम्प, झूमचा बी१ फोर, बॉसचा जीटी-१बी यांपैकी एकालाही एक्सएलआर सॉकेट, म्हणजे साउंड सिस्टीमच्या तीन पिनांच्या वायरीची खाच, नाही. गणेशोत्सवाच्या मंडपात जनरेटरवर चाललेल्या मंचावर साउंडवाला लांबूनच एक्सएलआरची वायर पुढे करतो, तेव्हा घुमघुम तोडणारा ग्राउंड लिफ्ट (अर्थिंगचा दुवा तोडणारा स्विच) असलेला डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा आवाज एक्सएलआरवर देणारा डबा, जवळ हवाच. तो नुसता डीआय न घेता सॅन्सॲम्पच्या बेस ड्रायव्हरसारखा प्रीॲम्पसह (आवाज घडवणाऱ्या छोट्या ॲम्पसह) घेतला, तर प्रोसेसर मान टाकेल त्या क्षणी बेसची केबल काढून थेट त्यात खुपसता येते आणि गाणे थांबत नाही.