गिलमोरचा बेस्ट सोलो कोणता, यावर भांडायचं कसं

तर तुम्हाला डेव्हिड गिलमोर आवडतो. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचा गिटारवाला. छान. पण नुसतं आवडून काय होतंय, ते कुणालाही जमतं, हेडफोन घातले डोळे मिटले झालं. खरा फॅन ओळखायचा तो भांडणावरून. गिलमोरचं सगळ्यात भारी काम कोणतं या प्रश्नापायी ज्याची अजून एकही मैत्री धोक्यात आलेली नाही त्याने स्वतःला फॅन म्हणवून घेऊ नये, श्रोता म्हणावं आणि गुमान मागे बसावं. तुम्हाला पुढे यायचंय ना, मग ऐका.

सगळ्यात आधी, 'कम्फर्टेबली नम' हे उत्तर द्यायचं नाही. माहितीये मला, मनात तेच आलंय तुमच्या. सगळ्यांच्याच मनात तेच असतं आणि तीच तर पंचाईत आहे, कारण ज्या उत्तरावर समोरचा 'हो ना यार' म्हणून मान हलवतो त्या उत्तराचा उपयोग काय? वाद तिथेच मेला. अगदीच राहवत नसेल तर म्हणा 'कम्फर्टेबली नम, पण पहिला सोलो'. सोलो म्हणजे गाणं थांबतं आणि गिटार एकटीच बोलते तो तुकडा. त्या गाण्यात दोन सोलो आहेत, मधला छोटा डी मेजर स्केलमधला, आणि शेवटचा बी मायनर स्केलमधला जो ऐकून चांगली चांगली माणसं डोळे पुसतात. सगळं जग दुसऱ्यावर फिदा आहे म्हणून तुम्ही पहिला उचलायचा आणि शांतपणे म्हणायचं की दुसऱ्यात भावना आहे रे, पण पहिल्यात विचार आहे. याचा अर्थ काय असं विचारायची आजवर कुणाची छाती झालेली नाही, कारण विचारलं तर आपल्यालाच कळलं नाही असं दिसेल ना.

दुसरं, गाण्याचं नुसतं नाव घेणं हे नवशिक्यांचं काम. तुम्ही व्हर्जन सांगायचं. 1979 च्या 'द वॉल' अल्बमवरचं? की ऑक्टोबर 1994 चं 'पल्स' या लाइव्ह कार्यक्रमातलं, जिथे सोलो संपता संपत नाही आणि तो भलामोठा आरशांचा गोळा उघडतो? की 2 जुलै 2005 चं लाइव्ह एट या मदतनिधी कॉन्सर्टचं, लंडनच्या हाइड पार्कातलं, बँडच्या चौघांनी शेवटचं एकत्र वाजवलं ते? की जुलै 2016 चं पॉम्पेईचं? इथे एक हमखास जिंकायची जागा आहे ती सांगून ठेवतो. समोरचा कधीतरी आवेशात लंडनच्या त्या हॉलचं नाव घेऊन म्हणणारच, 'अर्ल्स कोर्टचं व्हर्जन ऐकलंयस का?' त्याला बोलू द्या. पूर्ण बोलू द्या. मग विचारा,

'कुठलं अर्ल्स कोर्ट?'

'म्हणजे?'

'नाही म्हणजे 73 चं, 80 चं, 81 चं की 94 चं?'

'अरे 94, पल्स!'

'हां, ते होय. मला वाटलं 80 चं म्हणतोयस.'

बास. एवढंच. तुम्ही काहीही सिद्ध केलेलं नाही, 80 चं जास्त चांगलं आहे असं म्हणालासुद्धा नाहीत, पण 'ते होय' म्हणताना आवाज जरा खाली गेला की काम झालं. लगेच काही विचारलंच तर सांगा की 80-81 ला 'द वॉल'च्या शोमध्ये गिलमोर स्टेजवर बांधलेल्या त्या पांढऱ्या भिंतीच्या टोकावर उभा राहून वाजवायचा, खाली बँडचा बेसवाला रॉजर वॉटर्स गातोय आणि अचानक वर उजेड पडतो. हे खरंच तसं होतं, त्यामुळे आवाज ठाम ठेवायला काही त्रास पडणार नाही. (73 चं नाव मात्र जपून घ्या हो. तेव्हा हे गाणं जन्मालाच आलेलं नव्हतं. पण गडबडीत कुणाच्या लक्षात येत नाही.)

आता भावनेचा मुद्दा. गिलमोर हृदयातून वाजवतो, ठरवून वाजवत नाही, हे वाक्य तुमच्या तोंडात कायम तयार पाहिजे. बाकीचे गिटारवाले म्हणजे बोटांची कसरत आणि आपला म्हणजे आत्मा, असा एकंदर सूर. फक्त एक गोष्ट कुणाला कळू देऊ नका की 'कम्फर्टेबली नम'च्या ज्या सोलोवर हा आत्म्याचा सगळा डोलारा उभा आहे तो सलग वाजवलेलाच नाही. गिलमोरने स्वतः सांगितलंय की पाच-सहा सोलो वाजवून रेकॉर्ड केले, मग बसून ऐकले, कागदावर एकेक बार मांडून कुठल्या टेकमधला कुठला तुकडा चांगला त्याच्या खुणा केल्या आणि मिक्सरवर एक फेडर (आवाज कमीजास्त करायची दांडी) वर एक खाली असं करत या टेकमधून त्या टेकमध्ये उड्या मारत तो सोलो जोडला. म्हणजे तुम्ही ज्या ठिकाणी 'इथे बघ, इथे तो स्वतःला विसरलाय' असं म्हणून डोळे मिटता, तिथे बहुतेक तो पेन्सिल हातात घेऊन बसला होता. तर हे गुपित. वाद हाताबाहेर चाललाय आणि समोरचा आत्म्यावर फार बोलायला लागलाय असं दिसलं तरच बाहेर काढा, आणि त्यानंतर स्वतः आठवडाभर आत्मा हा शब्द वापरू नका.

टोनबद्दल बोलणं कंपल्सरी आहे. टोन म्हणजे काय हे सांगायची गरज नसते, नुसतं 'टोन बघ, टोन' म्हणून हवेत बोटं हलवायची. यातला ठरलेला डायलॉग म्हणजे 'टोन बोटांत असतो', आणि माझं निरीक्षण असं की हे वाक्य नेहमी तोच माणूस म्हणतो ज्याने नुकतंच चौथं पेडल, म्हणजे गिटारचा आवाज बदलायची पायाने दाबायची डबी, घेतलेलं असतं. बिग मफ पाहिजे, फझ फेस पाहिजे, हायवॉटचा ॲम्प पाहिजे, बिन्सनचं जुनं एको मशीन मिळालं तर काय विचारता, एवढं सगळं झालं की टोन बोटांत असतो. आणि ब्लॅक स्ट्रॅट! त्या काळ्या स्ट्रॅटोकास्टरचं नाव घेताना छातीवर हात ठेवतात लोक. स्ट्रॅटशिवाय गिलमोर नाहीच असं कुणी बोललं की त्याला हळूच विचारा, 'अनदर ब्रिक इन द वॉल' भाग 2 चा सोलो कसा वाटतो? तो म्हणेल वा, काय स्ट्रॅटचा आवाज आहे. आता तुमची पाळी. तो सोलो लेस पॉल या वेगळ्याच गिटारवर आहे, 1955 ची गोल्डटॉप, आणि गिटारची वायर ॲम्पमध्ये न जाता सरळ मिक्सरमध्ये गेलेली. एवढं बोलून चहूकडे बघायचं, दुसरं काही नाही.

तसं बघायला गेलं तर गिलमोरला स्वतःला त्या काळ्या गिटारीचं फॅन लोकांइतकं वेड नसावं. 20 जून 2019 ला न्यूयॉर्कमध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात त्याने ती विकून टाकली, 39 लाख 75 हजार डॉलरला, सोबत अजून शंभरावर गिटारी, आणि सगळे मिळून आलेले 2 कोटी डॉलरच्या वरचे पैसे हवामान बदलावर काम करणाऱ्या संस्थेला देऊन मोकळा झाला. इकडे फॅन मंडळी सुतकात. तुम्हीही सुतकात राहा. 'त्याने विकायला नको होती' असं म्हणा, जणू काही तुम्हाला विचारायचं राहून गेलं.

बरं, हे सगळं सरळसोट झालं. मुरलेल्या फॅन लोकांत बसायचं असेल तर कुणालाच न सुचणारं उत्तर लागतं. 'टाइम', 'मनी', 'शाइन ऑन' ही नावं म्हणजे तिथे नुसती हजेरी. 'डॉग्ज' म्हणालात तर माणूस बरा आहे असं समजतात, 1977 चं सतरा मिनिटांचं गाणं आहे त्यामुळे ऐकलेले कमी आणि कौतुक करणारे जास्त. 'एकोज' म्हणणार असाल तर सोलो म्हणू नका, त्यातले ते पक्ष्यांसारखे चीत्कार म्हणा, वाह पेडलच्या वायरी उलट जोडल्या की गिटार तशी किंचाळते, ते 1971 मध्ये त्याने रेकॉर्डवर घेतलं. म्हणजे तुमचं मत असं की गिलमोरचं सर्वोत्तम काम ते, ज्यात वायर चुकीच्या भोकात आहे. याला म्हणतात उंची.

पण यापेक्षा वरची एक पायरी आहे आणि ती मी सहसा कुणाला सांगत नाही. कुणीही काहीही म्हणो, तुम्ही म्हणा, 'हे यू'मधला बेस.

'बेस? अरे आपण गिलमोरचं बोलतोय.'

'मग? तो फ्रेटलेस, म्हणजे बिनपट्ट्यांचा, बेस त्यानेच वाजवलाय.'

वाजवलाय खरंच. 'पिग्ज' आणि 'शीप'मध्येही बेस त्याचाच आहे. गिटारिस्टचं बेस्ट काम गिटारवर नाहीच हे एकदा मांडलं की समोरच्याला पुढे बोलायला काही उरत नाही, तो घरी जाऊन मुकाट्याने ऐकतो. उलट कुणी तुमच्यावरच असा डाव टाकला तर सावध राहा. 'पिग्ज ऑन द विंग'चा सोलो असं कुणी गोड आवाजात म्हणालं की हुरळून मान हलवू नका, तो फक्त जुन्या एट-ट्रॅक टेपवर होता आणि तो वाजवलाय स्नोई व्हाइट या दुसऱ्याच गिटारवाल्याने. सापळा आहे तो.

फ्लॉइडबाहेरचं कामही जमा ठेवा. 1984 चं बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीचं 'नो मोअर लोनली नाइट्स', त्यातली गिटार गिलमोरची. 85 च्या लाइव्ह एडमध्ये तो ब्रायन फेरी या गायकाच्या मागे उभा राहून वाजवत होता. ही माहिती बरोबर अशा वेळी सोडायची जेव्हा विषय तिचा नसेल.

आणि हो, वॉटर्स. दहा मिनिटांच्या आत चर्चा सोलोवरून घसरून वॉटर्स मोठा की गिलमोर मोठा यावर आली नाही तर समजा कुणाची तरी तब्येत बरी नाहीये. 1985 मध्ये वॉटर्स बाहेर पडला, 87 चा अल्बम त्याच्याशिवाय निघाला, मग त्यानंतरचं सगळं धरायचं की नाही हा प्रश्न कोर्टाच्या बाहेर मिटला पण फॅन लोकांत काही मिटलेला नाही. कुणी त्या 87 च्या अल्बममधलं 'सॉरो' म्हटलं की 'तो फ्लॉइड नाहीच' म्हणायचं. तुम्हाला स्वतःला 'सॉरो' आवडत असेल (मला आवडतं, गिटारचा आवाज लॉस एंजेलिसच्या एका रिकाम्या स्टेडियममध्ये तिथल्या स्पीकरांतून सोडून रेकॉर्ड केलाय, असा गडगडाट दुसरीकडे नाही) तर ते घरी ऐका. 'हाय होप्स' म्हटलं की म्हणायचं तो लॅप स्टील आहे, मांडीवर आडवी ठेवून वाजवतात ती, गिटार सोलोत कसा धरायचा? असं एकेक बाद करत गेलं की शेवटी तुमचंच उरतं. फक्त बॅरेटवाल्यांच्या नादी लागू नका. बँडचा पहिला म्होरक्या सिड बॅरेट गेला तिथेच फ्लॉइड संपला असं मानणारी ही माणसं, त्यांची तक्रार गिलमोर 68 ला बँडमध्ये आला इथूनच सुरू होते, त्यांच्यासमोर सोलोची तुलना म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

हरायला लागलात तर? लागणारच कधीतरी. त्यासाठी बोलायला सुरुवात करताना 'बेस्ट' म्हणायचं आणि अंगाशी आलं की 'फेवरेट'वर सरकायचं. 'हा जगातला बेस्ट सोलो आहे' असं छाती ठोकून म्हणालात, समोरच्याने पुरावे काढले, तर दुखावलेला चेहरा करून म्हणा 'अरे माझं फेवरेट आहे, त्यात काय चूक बरोबर?' झाला तो गप्प. जरा वेळ जाऊ द्या, चहा होऊ द्या, आणि मग पुन्हा बेस्टवर या. मासिकांच्या बेस्ट गिटारिस्टांच्या याद्यांचंही तसंच. रोलिंग स्टोनने 2011 ला त्याला 14 वा नंबर दिला, तो वाद जिंकायला वापरा. 2003 च्या यादीत तो पार तळाकडे होता, तेव्हा मात्र मासिकवाल्यांना संगीतातलं काय कळतंय.

राहता राहिला स्वतः गिलमोर. त्याचं मत विचारात घ्यायचं का? घ्या की, जुळत असेल तर. 'ॲटम हार्ट मदर' या फ्लॉइडच्या जुन्या अल्बमला तो स्वतःच कचरा म्हणतो, ते तुम्हालाही कंटाळवाणं वाटत असेल तर लगेच त्याचा दाखला द्या, खुद्द कलाकार म्हणतोय म्हणा. 'विश यू वेअर हिअर' त्याच्या आवडीचा आहे, तोही चालेल, तो सगळ्यांनाच चालतो. पण 2024 ला 'लक अँड स्ट्रेंज' आला आणि हा गृहस्थ म्हणाला की 1973 च्या 'डार्क साइड'नंतरचा माझा सगळ्यात चांगला अल्बम हाच. म्हणजे मधले 'शाइन ऑन', 'डॉग्ज', 'कम्फर्टेबली नम' सगळं त्याच्या मागे! यावर आपण चिडायचं नाही, समजून घ्यायचं, नवा अल्बम आला की प्रत्येकजण असंच म्हणतो, कलाकाराला स्वतःच्या कामाबद्दल काय कळणार, तो फक्त वाजवतो, ऐकतो आपण.

तरीही एखादं नवं पोरगं येऊन डोळे चमकवत सांगेलच की मला त्या अल्बममधला शेवटचा, 'स्कॅटर्ड'चा सोलो सगळ्यात आवडतो. त्याला हाकलू नका, बसवून घ्या जवळ आणि मायेने विचारा, अल्बमवरचा की रोमच्या कॉन्सर्टमधला?