नोंद त्यांची, पळापळ आक्कांची

आमच्या आळीतल्या आक्का परवा संध्याकाळी पिशवी घेऊन आल्या. प्लास्टिकची पिशवी, तिला गाठ, गाठ सोडली की आत आणखी एक पिशवी. सातारा जिल्ह्यातल्या माणसाला या पिशवीत काय असतं ते सांगायला लागत नाही. घरातलं कोणी फौजेत गेलं असेल तर ती असतेच, पत्र्याच्या ट्रंकेत, अगदी तळाशी. डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शन मंजूर झाल्याचा आदेश, दोन-चार मेडलं, आणि युनिटचा एक फोटो, ज्यातला आपला माणूस कुठला ते फक्त घरच्यांनाच ओळखू येतं.

"आरं, बँकेतलं पोरगं म्हणतंय, आजी तुमचं वयच न्हाई कागदात. वय न्हाई म्हंजी मी जल्मलेच न्हाई व्हय?"

मी हसलो. मग कागद वाचले आणि हसू गेलं.

नियम असा आहे. पेन्शन किंवा फॅमिली पेन्शन (फौजी गेल्यावर घरच्यांना मिळते ती) घेणाऱ्याला 80 वर्षं पूर्ण झाली की मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा मिळतात. 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि शंभरी गाठली तर थेट दुप्पट. चांगला नियम आहे, म्हातारपणी औषधपाणी वाढतं हे कोणाच्या तरी लक्षात आलं म्हणायचं. ही वाढ आपोआप व्हायला पाहिजे. पण संगणकाला जन्मतारीख लागते आणि आक्कांच्या पीपीओत त्या रकान्यात काहीच नाही. त्यांचे मालक 65 आणि 71, दोन्ही लढायांना होते. भरतीच्या दिवशी त्यांची उंची मोजली, छाती मोजली, हनुवटीवरचा तीळसुद्धा लिहून घेतला. बायकोचं मात्र नुसतं नाव, तेही चुकीचं.

चुकीचं म्हणजे माहेरचं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची पद्धत. त्यामुळे फौजेच्या कागदात हौसा, रेशनकार्डावर लक्ष्मी, आधारवर लक्ष्मीबाई, असे प्रकार घरोघर आहेत. बाई एकच. गावाला माहीत, पोलीस पाटलाला माहीत, पोस्टमनला तर पाठच. पण प्रतिज्ञापत्र पाहिजे, वर्तमानपत्रात जाहिरात पाहिजे, सरपंचाचा दाखला पाहिजे, आणि हे सगळं जमवून पाठवलं की चार महिन्यांनी पत्र येतं, सहीचा नमुना जुळत नाही. सही कुठली, अंगठा आहे तो!

आक्का 83 च्या आहेत. म्हणजे तीन वर्षं ही वाढ त्यांच्या हक्काची असून हातात आलेली नाही.

मी शाळामास्तर. वडील मराठा लाईट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून पेन्शनवर आले. पार्ट टू ऑर्डर, कॉरिजेंडम पीपीओ, रेकॉर्ड ऑफिस हे फौजेच्या कागदांतले शब्द मी व्याकरणाच्या आधी शिकलो, आणि गेली वीसेक वर्षं गावातले हे अर्ज मीच लिहितो. एवढ्या अर्जांनंतर माझी एकच तक्रार उरली आहे. रक्कम कमी की जास्त यावर वाद घालणारे पुष्कळ आहेत, त्यांनी तो घालावा. माझा प्रश्न साधा आहे: जी नोंद सरकारने केली, सरकारच्या कचेरीत सरकारच्या कारकुनाने लिहिली, सरकारच्याच कपाटात ठेवली, ती अपुरी किंवा चुकीची निघाली तर ती सिद्ध करत फिरायचं काम ऐंशी वर्षांच्या बाईकडे का?

कोणी म्हणेल, मिळतंय ते काय कमी आहे. हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. 17 डिसेंबर 1982 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलंय की पेन्शन ही बक्षिसी नाही आणि मालकाची मेहेरबानीही नाही, केलेल्या नोकरीचा तो हक्क आहे. खटला डी. एस. नकारा यांचा. नाव नकारा, निकाल होकाराचा. देशभरचे पेन्शनर तो दिवस पेन्शनर्स डे म्हणून पाळतात. निकालाला चाळीसच्या वर वर्षं झाली, पण काउंटरवरच्या आवाजातली मेहेरबानी काही गेली नाही.

आता तात्यांचं सांगतो. हे वडिलांचे दोस्त, तोफखान्यातले. सतरा वर्षं तोफेजवळ. निवृत्त होताना मेडिकल बोर्ड, म्हणजे फौजी डॉक्टरांची तपासणी झाली, दोन्ही कान अधू म्हणून टक्केवारी लिहिली, आणि खाली शेरा मारला: हा आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही. इंग्रजीत या शेऱ्याची आद्याक्षरं एन, ए, एन, ए. फौजी लोक सरळ 'नाना' म्हणतात. "माझ्या कागदावर नाना बसलाय" म्हणजे अपंगत्वाची पेन्शन मिळणार नाही. आमच्याकडे नाना म्हणजे घरातला सगळ्यात मायाळू माणूस, आणि हा असला नाना.

तात्या मला म्हणाले, "मास्तर, सतरा वर्षं तोफ माझ्या कानाजवळ उडली. मग कान काय बैलाच्या घुंगरानं गेलं व्हय?"

याला उत्तर आहे, आणि ते तात्यांच्या बाजूचं आहे. 2013 च्या धरमवीर सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नियमांचा अर्थ स्वच्छ लावून दिला. भरतीच्या वेळी तुम्हीच जवानाला तपासून धडधाकट म्हणून घेतलं, कागदावर कुठल्याही आजाराची नोंद नाही, तर पुढे झालेला आजार सेवेमुळेच झाला असं धरायचं. तसं नसेल तर ते सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नव्हे. शिवाय नुसता शेरा मारून भागत नाही, बोर्डाने कारण द्यावं लागतं. पुढच्याच वर्षी, 2014 च्या डिसेंबरात, राम अवतार खटल्यात टक्केवारी वरच्या टप्प्याला नेण्याचा फायदा सगळ्यांना दिला. आजार सेवेमुळे झाल्याचं मान्य असेल तर 20 टक्क्यांपासून 50 च्या आतलं अपंगत्व 50 धरायचं, 50 ते 75 मधलं 75, त्यावरचं शंभर. बोर्डाने बाहेर काढलेल्यालाही आणि मुदत पुरी करून आलेल्यालाही.

मग तात्यांना घरपोच पत्र यायला पाहिजे होतं की नाही? बोर्डाचे कागद सरकारकडेच आहेत. कोणाला काय शेरा मारला ते सरकारला माहीत आहे. न्यायालयाने काय सांगितलं तेही माहीत आहे. पण नाही. पहिलं अपील करा, ते फेटाळलं की दुसरं करा, ते फेटाळलं की सशस्त्र सेना न्यायाधिकरणात जा. 2007 च्या कायद्याने ही न्यायाधिकरणं झाली, आपल्याला मुंबईचं खंडपीठ. वकील, एसटी, मुक्काम. तात्या जिंकले. मात्र उशिरा दाद मागितली म्हणून थकबाकी अर्जाच्या आधीच्या तीनच वर्षांची. साधारण असंच होत आलंय. म्हणजे ज्याला कळलं त्याने मागितलं, आणि ज्याला उशिरा कळलं त्याचे मधले पैसे बुडाले. ज्याला कळलंच नाही तो नानाला घेऊन सरणावर गेला.

हा हिशेब कोणाच्या फायद्याचा आहे ते मी वेगळं लिहीत नाही.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर कमेंटमध्ये कोणी ना कोणी काढणारच. अपंगत्वाच्या पेन्शनचा गैरफायदा घेणारे आहेत. आयुष्यभर फिट राहून निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब आणि साखर काढणारे मोठ्या हुद्द्याचे साहेब आहेत, वाढत्या प्रमाणावर सरकारचे हिशेब तपासणाऱ्या कॅगनेही बोट ठेवलंय. 2023 च्या सप्टेंबरात सरकारने नवे नियम आणले त्यामागे हेच कारण सांगितलं जातं. अपंगत्व असूनही सेवेत राहून निवृत्त होणाऱ्याच्या रकमेला आता 'इम्पेअरमेंट रिलीफ' असं नाव आहे. ठीक आहे, खोटं बोलणाऱ्याला धरा, दंड करा, माझी हरकत नाही. पण चाळणी अशी कशी की साहेबाला वकील परवडतो म्हणून तो पार पडतो आणि शिपाई वरच अडकतो?

आणि सरकारचं दुसरं व्यसन म्हणजे अपील. 2013 च्या जानेवारीत काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेजवळ गस्तीवर असताना कडाक्याच्या थंडीत एक नाईक गेला. फॅमिली पेन्शनचे तीन प्रकार आहेत: साधी, म्हणजे शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, विशेष, म्हणजे 60 टक्के, आणि उदारीकृत, म्हणजे पूर्ण पगाराएवढी. या बाईंना विशेष दिली, उदारीकृत नाकारली. कशाला, तर गोळी लागून गेला नाही, थंडीने गेला. नियंत्रण रेषेवर थंडी काय हौस म्हणून खायला गेला होता का तो? 2019 मध्ये न्यायाधिकरणाने बाईंच्या बाजूने निकाल दिला. सरकार त्यावर सर्वोच्च न्यायालयात गेलं. 3 डिसेंबर 2024 ला न्यायालयाने अपील फेटाळलं, या बाईंना कोर्टात ओढायलाच नको होतं असं सुनावलं आणि वर 50,000 रुपये खर्च द्यायला लावला. माणूस जाऊन तोवर जवळपास बारा वर्षं झाली होती. त्याचं पोर असेल तर ते तोवर शाळा संपवत आलं असेल.

असली अपिलं कमी करा म्हणून मनोहर पर्रीकरांनी संरक्षणमंत्री असताना 2015 मध्ये तज्ज्ञांची समिती नेमली होती. समितीने अहवाल दिला. अपिलं चालूच राहिली.

वन रँक वन पेन्शनवर, म्हणजे हुद्दा आणि नोकरीची वर्षं सारखी तर पेन्शनही सारखी या मागणीवर, मी फार लिहीत नाही, त्यावर आपल्या गटांत रक्त आटवून झालंय. 2015 च्या उन्हाळ्यात जंतरमंतरवर म्हातारे फौजी मेडलं लावून बसले होते आणि स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी पोलीस त्यांना उठवायला गेले, ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही. योजना आली, 1 जुलै 2014 पासून लागू झाली, दर पाच वर्षांनी फेरआढावा ठरला. पहिलाच आढावा रखडला. 2019 ची थकबाकी किती हप्त्यांत आणि कोणाला आधी, ते 2023 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाला तारखा घालून ठरवून द्यावं लागलं. फॅमिली पेन्शनवाल्यांना आधी द्या हेसुद्धा न्यायालयाने सांगायचं! आमच्या गावातल्या दोघांना हप्ता पोचला तेव्हा ते भिंतीवर फोटोत होते.

नोव्हेंबर आला की आणखी एक खेळ, हयातीचा दाखला. पूर्वी आपण जिवंत आहोत हे बँकेत तोंड दाखवून सांगता यायचं. आता अंगठा यंत्रावर ठेवायचा. जन्मभर खुरपं, विळा आणि शेण यांत गेलेल्या बोटांवर रेषा उरतात कुठे? आक्कांचे दहाही बोटं लावून झाली, यंत्र म्हणतं जुळत नाही. चेहरा दाखवून दाखला काढायची सोय मोबाईलवर आहे, चांगली आहे, मी तीच वापरतो. डोळ्यांची उघडझाप करा असं मोबाईल म्हणतो आणि मोतीबिंदू काढलेल्या आक्का घाबरून डोळे गच्च मिटून घेतात. तीन वेळा केलं. चौथ्यांदा झालं, तेव्हा म्हणाल्या, "झाले का मी जित्ती?"

पलीकडे अपशिंगे मिलिटरीला इंग्रजांनी बांधलेला स्मृतिस्तंभ आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण गेले त्यांचा. शाळेची सहल घेऊन गेलो की पोरं विचारतात, सर, यांच्या घरच्यांना काय मिळालं? मला नीट सांगता येत नाही. गेलेल्यांची मोजणी बिनचूक होते एवढं दिसतं. मागे राहिलेल्या बायकांची नावं लिहिताना कारकुनाची शाई संपते.

आणि पुढच्या पिढीचं म्हणाल, तर अग्निवीराच्या घरात ही पिशवीच असणार नाही. चार वर्षं नोकरी, शेवटी सेवानिधी नावाची एकरकमी रक्कम, घरी. ड्युटीवर गेला तर 48 लाखांचा विमा आणि इतर रक्कम एकदाच मिळते, पण बायकोला दर महिन्याची पेन्शन नाही. विमा आणि पेन्शन एकच असं ज्यांना वाटतं त्यांनी एकरकमी आलेल्या पैशाचं खेड्यातल्या भावकीत काय होतं ते एकदा बघावं.

आक्कांचा अर्ज मी लिहिलाय. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या एका निवृत्त सुभेदार साहेबांनी मसुदा तपासून दिला, चहाही पाजला. अशी माणसं जागोजागी आहेत म्हणून हा गाडा चाललाय. जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार लावलंय, त्यावर 1 जानेवारी आहे. आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्या 1 जानेवारीलाच जन्मल्यात.

ज्यांचे वडील, आजोबा अजून आहेत त्यांनी एवढं करा. पिशवी काढा. पीपीओत आईचं नाव आधारसारखंच आहे का बघा. तिची जन्मतारीख आहे का बघा. अपंग मूल असेल तर त्याची नोंद आहे का बघा. नसेल तर दुरुस्तीचा अर्ज आत्ताच टाका, कारण फौजी स्वतः सही करतो तेव्हा काम महिन्यांत होतं आणि त्याच्या माघारी वर्षांत. मेडिकल बोर्डाच्या कागदावर नाना बसलाय का तेही बघा. असेल तर सेवेत आला तेव्हाची तपासणी कशी होती ते पानही शोधून ठेवा.

रविवारी सकाळी नऊला मी शाळेच्या व्हरांड्यात बसतो. डिस्चार्ज बुक मूळ आणा, झेरॉक्स मी काढतो. येताना म्हाताऱ्या माणसांना उपाशी आणू नका, वेळ लागतो.