महिनाअखेरची उधारी कुठलं मोठं दुकान देतं?

आमचं किराणा दुकान आहे, बाबा चाळीस वर्षं गल्ल्यावर बसतायत, त्यामुळे "आता किराणा संपला, सगळं ऑनलाइन" असं कोणी म्हणालं की मला राहवत नाही.

अरे प्रत्येक दुकानाचं गणित वेगळं असतं. डीमार्टचंच घ्या, 2002 ला पवईत पहिलं दुकान टाकलं, त्यांचा जोर जागा शक्यतो स्वतःची घेण्यावर, म्हणजे भाड्याचा ताप नाही, आणि कंपन्यांचं बिल लवकर चुकतं करायचं म्हणजे मालही स्वस्त पडतो. चोख धंदा आहे, मला आदरच आहे त्याचा. अपना बाजार वेगळं, 1948 ला नायगावात कामगार वस्तीत सहकारातून उभं राहिलं. आणि हे दहा मिनिटंवाले, म्हणजे ॲपवरून झटपट घरपोच माल देणारे, त्यांचं डार्क स्टोअर म्हणजे वस्तीतलं गोडाऊनच, आत गिऱ्हाइकाला प्रवेश नाही.

आमच्याकडे 25 तारखेनंतर या एकदा. पाव किलो साखर, शंभर ग्रॅम शेंगदाणे, एक साबण. बाबा कागदाची पुडी बांधतात, वहीत "रिक्षावाले, मागची चाळ" एवढंच लिहितात, पगार झाला की माणूस येऊन पैसे देतो आणि बाबा त्या ओळीवर आडवी रेघ मारतात. होलसेलवाला आम्हाला पंधरा दिवसांची उधारी देतो, आम्ही गिऱ्हाइकाला महिनाभराची, मधला सगळा भार बाबांच्या अंगावर. ही सोय कुठल्या मोठ्या दुकानात आहे सांगा.

खरं दुखणं रेटचं आहे. मागच्या महिन्यात एका मोठ्या दुकानात साबणाचा पॅक आमच्या खरेदीपेक्षा स्वस्त होता, बाबा बिल हातात धरून कितीतरी वेळ नुसते बघत बसले. गिऱ्हाइकाला वाटतं आम्हीच लुटतोय. पाच-दहा पेट्या घेणाऱ्याला कंपनी तो रेट कशाला देईल, म्हणून माझं ठाम मत आहे की आसपासच्या दुकानदारांनी खरेदी एकत्र करावी. मुंबई ग्राहक पंचायत 1975 पासून ग्राहकांचे गट करून एकत्र खरेदी करतेय, घरसंसार सांभाळणाऱ्या बायकांनी ते चालवून दाखवलं, मग आपल्याला का जमू नये?

आमच्या रस्त्यावरचे तिघं तयार झालेत. रविवारी दुपारी दुकान बंद झालं की आमच्याकडेच बसायचंय, सुरुवात साबण आणि चहापत्तीपासून.