चारच तर स्क्रू आहेत

गिटार नीट वाजत नसेल तर माणसासमोर दोन रस्ते असतात, एक म्हणजे रोज अर्धा तास बसून प्रॅक्टिस करायची आणि दुसरा म्हणजे गिटारच भंगार आहे असं ठरवून मोकळं व्हायचं. मी पहिल्यापासून दुसऱ्या रस्त्याचा माणूस. तारा जुन्या झाल्यात, दांड्यावरच्या पट्ट्या म्हणजे फ्रेट झिजलेत, तो दांडा म्हणजे नेक वाकलीये, हवा दमट आहे, सगळं म्हणून झालं आणि मग एके रात्री डोक्यात आलं की किट मागवून आपणच एक इलेक्ट्रिक गिटार बनवली तर? म्हणजे प्रॅक्टिस न करता दिवसभर गिटारमध्येच असल्याचं समाधान. शिवाय माझ्याकडे दाखला भक्कम होता. 1950 च्या सुमारास ज्याने सॉलिड बॉडीची, म्हणजे भरीव लाकडाची, गिटार कारखान्यातून धडाधड काढून दाखवली त्या लिओ फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. माणूस मूळचा रेडिओ रिपेअरवाला. हे बायकोला सांगितलं तर म्हणाली, "त्याला रेडिओ तरी दुरुस्त करता येत होता ना."

दुसरा दाखला मी मुद्दाम काढला नाही. क्वीन बँडच्या ब्रायन मेने 1963 साली वडिलांबरोबर घरच्या घरी गिटार बनवायला घेतली, नेकसाठी लाकूड वापरलं जुन्या फायरप्लेसच्या चौकटीचं, दोनेक वर्षं खपून ती पूर्ण केली आणि मग तीच गिटार जगभर गाजवली. पण त्याचे वडील इलेक्ट्रॉनिक्सवाले, आणि तो स्वतः पुढे 2007 मध्ये खगोलभौतिकीत डॉक्टरेट घेऊन बसला. असली उदाहरणं घरात द्यायची नसतात, उलटतात.

तर फेंडरची खरी आयडिया अशी की नेक बॉडीला गोंदाने चिकटवायचीच नाही, चार स्क्रूंनी आवळायची. बिघडली तर काढा, दुसरी लावा. किट नावाचा धंदा निम्मा त्या चार स्क्रूंवर उभा आहे आणि मी पण त्यांच्याच जोरावर घरी सांगितलं होतं की अगं चारच तर स्क्रू आहेत, रविवारी दुपारी होऊन जाईल. कुठला रविवार ते मी बोललो नव्हतो.

खोका उघडला. कोरी बॉडी, नेक, तारांचा आवाज पकडणारे दोन पिकअप, बॉडीवर तारा जिथे टेकतात तो ब्रिज, ट्यूनिंगच्या सहा किल्ल्या, वायरींचा गुंता आणि एका प्लास्टिकच्या पुडीत सगळे स्क्रू एकत्र. म्हणजे नेकचे, पिकगार्डचे, किल्ल्यांचे, पट्टा अडकवायच्या बटणांचे, सगळे, कुठला कुठे ते ज्याचं त्याने ओळखायचं. आई येऊन बॉडीकडे बघत म्हणाली, "हे बसायचं आहे का?" सोबत एक कागद होता, त्यावर स्टेप 1 अशी की बॉडीला आपल्या आवडीप्रमाणे फिनिश द्या. बास, एवढंच. स्टेप 2, नेक बसवा. ज्याने कोणी तो कागद लिहिलाय त्याने स्टेप 1 आयुष्यात केलेली नाही हे मी लिहून देतो, कारण स्टेप 1 आणि स्टेप 2 च्या मध्ये ऋतू बदलतो.

आधी सँडिंग. 120 नंबरचा पेपर, मग 180, मग 240, मग 320, आणि घासायचं फक्त लाकडाच्या रेषांच्या दिशेने. आडवं घासलं तर ओरखडे पडतात, ते तेव्हा दिसत नाहीत, रंग लावल्यावर दिसतात. एकूण या छंदात सगळ्याच गोष्टी रंग लावल्यावर दिसतात. बाल्कनीत मास्क लावून घासत बसलो तरी ती बारीक भुकटी घरभर कशी जाते हे विज्ञानाने शोधायला हवं, टीव्हीवर, चष्म्यावर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, एकदा तर फ्रीजच्या आत सापडली आणि फ्रीज बाल्कनीपासून दोन खोल्या लांब आहे.

माझी बॉडी बासवुडची. बासवुड हलकं, स्वस्त, आणि इतकं मऊ की नखाने सुद्धा खळगा पडतो. मुलीच्या हातातला मोबाईल त्यावर निसटला आणि कडेचा ठसा अगदी रेखीव उठला. पण याला उपाय आहे आणि तो मला सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त आवडलेला उपाय आहे. खळग्यावर ओला फडका ठेवायचा आणि वरून गरम इस्त्री टेकवायची. चर्रर्र आवाज येतो, वाफ लाकडात शिरते, दबलेले तंतू फुगतात आणि खळगा डोळ्यांदेखत वर येतो. फुगला की वाळू द्यायचं, परत हलका पेपर मारायचा, संपलं. मी इतका खूश झालो की नसलेले खळगे पण शोधायला लागलो. बायको ऑफिसला निघायच्या गडबडीत आली, तिने इस्त्री कुठे आहे ते पाहिलं, इस्त्रीखाली काय आहे ते पाहिलं, आणि चुरगळलेलाच कुर्ता घालून गेली. काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग रंग. रंगाच्या बाबतीत घरात एकाएकी लोकशाही आली. मला सनबर्स्ट हवा होता, मध्ये पिवळसर आणि कडेला गडद होत जाणारा. मुलीला काळा हवा होता, मॅट. आईचं म्हणणं लाकूड आहे तर लाकडासारखंच राहू दे की. शेवटी निळा ठरला, जो कोणालाच नको होता. स्प्रेचा नियम असा की पातळ थर द्यायचा, थांबायचं, परत पातळ थर, परत थांबायचं. जाड मारला की ओघळ येतो. त्यामुळे गिटार बनवणं म्हणजे बहुतेक वेळ एका निळ्या फळीकडे हात मागे बांधून बघत उभं राहणं. वरचा पारदर्शक लॅकरचा थर छान काचेसारखा बसत आला आणि एक डास येऊन बरोब्बर खालच्या वळणावर चिकटला, सहाही पाय पसरून. चिमट्याने काढायला जावं तर पाय तिथेच राहतात आणि डास हातात येतो. मुलगी म्हणाली, "बाबा, राहू दे, लोक असं जडावकाम, इनले, करायला पैसे देतात." शेवटी लॅकर वाळल्यावर बारीक पाणपेपरने डासासकट तो भाग सपाट केला, पण एक पाय अजून आत आहे. प्रकाशात तिरकी धरली की दिसतो.

हेडस्टॉकला, म्हणजे नेकच्या किल्ल्या बसतात त्या टोकाला, मात्र कोणी हात लावलेला नव्हता, किटमध्ये तो नुसता चौकोनी फळकुटासारखा येतो कारण मोठ्या कंपन्यांनी आपापल्या आकारांचे ट्रेडमार्क घेऊन ठेवलेत. आकार आपला आपण कापायचा, आणि त्यावर नाव पण आपलंच टाकायचं. मी नको म्हणत होतो. फेंडरने सुद्धा आपल्या मॉडेलचं नाव आधी ब्रॉडकास्टर ठेवलं होतं, पण ग्रेच कंपनीचे जवळपास त्याच नावाचे ड्रम बाजारात होते, म्हणून 1951 मध्ये ते सोडावं लागलं आणि टेलिकास्टर हे नाव पक्कं होईपर्यंत लेबलवरचं मॉडेलचं नाव कापून गिटारी विकल्या. त्या बिननावाच्या गिटारींना आता नोकास्टर म्हणतात आणि संग्राहक त्यांच्यावर तुटून पडतात. हे सगळं ऐकून घेऊन मुलीने पांढऱ्या पेनने 'बाबाकास्टर' लिहिलं आणि वर लॅकर मारून टाकला. आता त्यावर संग्राहक तुटून पडतील असं वाटत नाही.

वायरिंगला मेहुणा आला. तो इलेक्ट्रिकलचा आहे आणि त्याच्या मते जगातला प्रत्येक बिघाड अर्थिंगचा असतो, मिक्सरचा पण, वायफायचा पण. दोन पॉट म्हणजे आवाज-टोन कमीजास्त करायच्या फिरक्या, एक कपॅसिटर, तीन पोझिशनचा स्विच, यापलीकडे गिटारच्या पोटात काहीच नसतं, इतकं थोडं असतं की बघून फसवल्यासारखं वाटतं. अवघड एकच गोष्ट, पॉटच्या पाठीवर अर्थची वायर डागणे. पॉटची पाठ म्हणजे धातूचा पत्रा, सोल्डरिंग गनची सगळी उष्णता तो पिऊन टाकतो आणि सोल्डर वर नुसतं मण्यासारखं गोल होऊन बसतं, बोट लावलं की मणी टणकन उडून जमिनीवर. ती पाठ आधी पेपरने खरवडून घ्यायची आणि जाड टोकाची गन वापरायची, मग धरतं. हे मेहुण्याला माहीत होतं पण त्याने ते शेवटी सांगितलं, आधी मला झगडू दिलं, भावाने बहिणीच्या वतीने इस्त्रीचा हिशोब चुकता केला असणार.

तारा चढवल्या, अँपला जोडली. घुंऽऽऽ. तारेला हात लावला, आवाज एकदम कमी. हात काढला, परत घुंऽऽऽ.

"दाजी, अर्थिंग," मेहुणा म्हणाला.

"खराब आहे?"

"छे. चांगलं आहे. खराब असतं तर हात लावल्यावर वाढला असता."

म्हणजे प्रकार असा की आपलं शरीर घरातल्या वायरिंगची सगळी गुणगुण अँटेनासारखी गोळा करत असतं, आणि तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असल्याने हात लागला की ती गुणगुण परस्पर निकालात निघते. उरलेला आवाज सिंगल कॉइल, म्हणजे तारेच्या एकाच वेटोळ्याच्या, पिकअपचा, तो त्याच्या जन्माबरोबरच आलेला. त्यावर गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हरने 1955 मध्ये हमबकर काढला, दोन कॉइल उलटसुलट जोडून एकीची गुणगुण दुसरीने मारायची. माझ्या किटमध्ये तो नव्हता. आई आतून म्हणाली, "अरे मग हात काढूच नकोस ना."

एवढं झालं म्हणजे गिटार झाली असं वाटतं ना, तिथेच फसतो माणूस. आत्ता फक्त गिटारच्या आकाराची वस्तू झालेली असते. सेटअप राहिलेला असतो. नेकच्या आत तिचा बाक सरळ करणारी ट्रस रॉड नावाची सळई असते, ती एका वेळी पाव फेऱ्याच्या वर फिरवायची नाही, आणि पाव फेऱ्याला सुद्धा लाकूड आतून असं करकरतं की आपल्याच पाठीतून कळ जाते. मग नट, म्हणजे हेडस्टॉकपाशी तारा ज्यावर टेकतात ती खाचांची पट्टी. नटच्या खाचा किटमध्ये उथळ ठेवलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटपाशी तारा उंच राहतात आणि एफ कॉर्ड धरताना बोट मोडायची पाळी येते. हे कळलं तेव्हा मला गहिवरून आलं. इतकी वर्षं मी एफ वाजत नाही म्हणून सांगत होतो आणि लोक हसत होते, आणि चूक अर्धीअधिक नटची होती, माझ्या जुन्या गिटारीचा नट पण तपासला, तो पण उंच. बारीक कानशीने खाचा खोल केल्या, केसाएवढं जास्त गेलं की तार पहिल्या फ्रेटवर खर्रर्र करते, मग खाचेत खायचा सोडा भरून वर सुपरग्लूचा थेंब टाकायचा, दगड होतो, परत कानस. पण झालं शेवटी. एफ धरला, सहाही तारा स्वच्छ वाजल्या. आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की आता एफ न वाजण्याचं कारण म्हणून फक्त मीच उरलोय.

नशिबाने इंटोनेशन बाकी होतं. मोकळी तार आणि बाराव्या फ्रेटवर दाबलेली तार यांच्यात बरोबर एका सप्तकाचं अंतर हवं. दाबलेली चढी लागली तर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तार टेकते तो तुकडा, मागे न्यायचं, उतरली तर पुढे. सोपं आहे, पण जुन्या पद्धतीच्या या ब्रिजवर तारा सहा आणि सॅडल तीनच, म्हणजे दोन तारांत एक. जाड ई जुळवली की ए बिघडते, ए जुळवली की ई रुसते, मध्ये कुठेतरी ठेवलं की दोघी थोड्या थोड्या बेसूर. लोक सत्तर वर्षं असंच वाजवतायत म्हणे आणि कोणाला काही वाटत नाही. मला वाटतं. मला आता ट्यूनरचा काटा जरा हलला तरी झोप लागत नाही.

काल जेवणं झाल्यावर सगळे बाहेरच्या खोलीत बसले होते, बायको म्हणाली, "झाली ना आता? वाजव काहीतरी." मी म्हटलं लॅकर अजून आतून पूर्ण सुकलेला नाही, त्याला कित्येक आठवडे लागतात, आणि हे खरं आहे, कोणालाही विचारा. शिवाय तिरक्या कापाची सॅडल मिळतात, ज्यात दोन तारांची भांडणं मिटतात, ती मागवलीयेत. ती बसवायची तर तारा काढाव्या लागतील, म्हणून मी आजच काढून ठेवल्या.